बोललेला शब्द कोणाकडे गेला?

बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रातला तिसरा अध्याय उपदेशात बहुतेक वेळा घरातल्या कुरबुरींच्या संदर्भात वापरला जातो. जीभ आवरा, कोणाला टाकून बोलू नका, एवढाच त्याचा सारांश काढला जातो. पण त्या अध्यायाचे पहिले वाक्य वेगळ्याच माणसांना उद्देशून आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, असे याकोब म्हणतो, कारण शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होणार आहे. जिभेविषयीचा हा सगळा इशारा सुरू होतो तो ज्यांचे कामच बोलण्याचे आहे त्यांच्यापासून: पाळक, मंडळीतले वडील, संडे स्कूलचे शिक्षक, प्रार्थना सभा चालवणारे, आईबाप. ज्याच्या शब्दाला वजन असते त्याच्या शब्दाचा घावही खोल जातो.

मग याकोब घोड्याचा लगाम आणि जहाजाचे सुकाणू पुढे करतो. घोडा चालणारच असतो, वारा जहाजाला ढकलतच असतो. ती लहानशी वस्तू कुठे जायचे तेवढे ठरवते. त्यानंतर येते ठिणगी, आणि तिथे दिशा कोणाच्याच हाती राहत नाही. नवव्या वचनात तो या सगळ्याचे कारण सांगतो. ज्या तोंडाने आपण प्रभूची स्तुती करतो, त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे घडलेल्या माणसांना शाप देतो. ख्रिस्ती माणसासाठी बोलण्याचे पाप इतके गंभीर का, याचे उत्तर इथे आहे. ज्याच्यावर देवाची छाप आहे त्याला आपण शब्दांनी खाली पाडलेले असते.

बोलण्याने झालेला अपाय तपासताना आपण पहिल्यांदा विचारतो, ‘हे खरं होतं का?’ हा प्रश्न हवाच. पण तेवढ्यावर थांबलो तर अर्धा अपाय नजरेतून निसटतो. पवित्र शास्त्र आणखी एक प्रश्न वारंवार विचारते: हा शब्द गेला कोणाकडे? ज्याच्याविषयी होता त्याच्याकडे, की तिसऱ्याकडे?

१ शमुवेलच्या २१ आणि २२ या अध्यायांतला, शौल राजाचा चाकर दवेग अदोमी पाहा. शौलापासून पळणारा दावीद नोब गावी अहीमलेख याजकाकडे येतो. याजक त्याला भाकरी देतो, गल्याथाची तलवार देतो. दवेग तिथेच असतो. पुढे शौल आपल्या दरबाऱ्यांवर चिडलेला असताना हा पुढे होऊन सांगतो की, इशायाचा मुलगा, म्हणजे दावीद, नोबला आला होता, याजकाने त्याला अन्न दिले, तलवारही दिली. यात खोटे काय? अन्न दिले होते, तलवार दिली होती. सांगण्यात आले नाही ते एवढेच, की आपण राजाच्याच गुप्त कामावर निघालो आहोत असे दावीदाने याजकाला सांगितले होते आणि याजकाने त्याला राजाचा विश्वासू जावई समजून मदत केली होती. तेवढा संदर्भ गळाला. ऐकणारा संतापाने आंधळा झालेला होता. त्या दिवशी ८५ याजक मारले गेले, आणि मग नोब गावातली बायकापोरेही.

एखादी खरी गोष्ट तोंडातून निघण्याआधी तीन बाबी बघाव्या लागतात त्या यामुळेच. ऐकणारा सध्या कोणत्या मनःस्थितीत आहे? माझ्या सांगण्यातून काय गळते आहे? आणि या माणसाच्या हातात ही गोष्ट दुरुस्त करण्याची सत्ता किंवा जबाबदारी आहे का? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर सहसा सांगण्याचे कारणच उरत नाही.

खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा प्रोटेस्टंट मंडळ्यांपैकी बहुतेक जण नववी म्हणून मोजतात, कॅथलिक आणि लुथरन आठवी म्हणून. पण तिचा अर्थ सगळ्यांनीच कोर्टाच्या साक्षीपलीकडे नेला आहे. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तीन दोष वेगवेगळे सांगितले आहेत. पुरेसा आधार नसताना मनातल्या मनात दुसऱ्याला दोषी ठरवणे हा पहिला. दुसऱ्याचे खरेच असलेले दोष, ज्यांना ते ठाऊक नाहीत अशांना विनाकारण सांगणे हा दुसरा. खोटे सांगून नाव खराब करणे हा तिसरा. आपण तिसऱ्याला पाप मानतो, दुसऱ्याला गप्पा म्हणतो आणि पहिल्याची दखलही घेत नाही. हायडेलबर्ग धर्मप्रश्नोत्तरीत (१५६३) याच आज्ञेखाली, कोणाचे ऐकून न घेता त्याला घाईने दोषी ठरवू नये आणि ठरवणाऱ्यांना सामीलही होऊ नये, असे येते. लूथरच्या लहान प्रश्नोत्तरीत (१५२९) त्याहून पुढचे आहे: शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे, त्याच्या वागण्याचा शक्य तितका भला अर्थ लावावा. म्हणजे गप्प बसलो की आज्ञा पाळली, असे होत नाही. कोणाची निंदा चालू असताना मान खाली घालून बसणारा निम्मीच आज्ञा पाळतो.

मंडळीत हा दोष एका खास वेषात येतो, तो म्हणजे प्रार्थनाविनंती. ‘त्यांच्या घरासाठी प्रार्थना करा हं, नवराबायकोचं काही खरं नाही.’ ‘त्यांच्या मुलाला प्रार्थनेत धरा, कोणाच्या नादाला लागलाय ते मी आत्ता सांगत नाही.’ बोलणाऱ्याच्या मनात खरीच कळकळ असू शकते, म्हणूनच हे ओळखायला कठीण जाते. यावर साधा उपाय आहे. ज्याच्यासाठी विनंती आहे त्याला आधी विचारा: ‘सभेत तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? आणि काय शब्द वापरू?’ तो जे सांगेल तेच, तेवढेच बोला. आजाराचे नाव, नोकरी जाण्याचे कारण, लग्नातली कटकट, मुलाचे प्रकरण, पोलीस किंवा कोर्टाची भानगड, हे सगळे त्याच्या परवानगीखेरीज तोंडाबाहेर जाता कामा नये. विचारायला सवडच नसेल तर ‘एका कुटुंबाला या आठवड्यात देवाच्या धीराची गरज आहे’ एवढे पुरते. आपल्याला कशाची गरज आहे हे मागण्याआधीच पित्याला ठाऊक असते, असे येशूने मत्तय ६ मध्ये सांगितले आहे. तपशील हवा असतो तो ऐकणाऱ्यांना.

हीच विनंती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेली की आणखी बिघडते. तोंडी बोलणे निदान खोलीतल्या माणसांपुरते राहते. लिहिलेला मजकूर पुढे जातो, त्याचा स्क्रीनशॉट निघतो, आणि मूळ लिहिणाऱ्याने तो काढून टाकला तरी इतरांच्या फोनमध्ये राहतो. ग्रुपवर नाव घेऊन कोणाच्या खाजगी अडचणीचा उल्लेख करूच नये, असे माझे ठाम मत आहे. मंडळीच्या चालकांनी हा नियम ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवावा आणि तो मोडणाऱ्याला ग्रुपवर न झापता खाजगीत फोन करावा. त्याला चारचौघांत सुनावले तर आपणही तेच केले, असे होईल.

मग एखाद्याविषयी मनात खरेच काही असेल तर ते न्यायचे कुठे? येशूने मत्तय १८:१५-१७ मध्ये पायऱ्या घालून दिल्या आहेत. आधी तू एकटा त्याच्याकडे जा आणि दोघांतच त्याचा दोष त्याला सांग. ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर घे. तरी ऐकले नाही तर मंडळीला सांग. आणि मत्तय ५:२३-२४ मध्ये उलट बाजू येते: तू वेदीपाशी अर्पण आणले आहेस आणि तिथे आठवले की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर. दोन्ही वचने शेजारी ठेवली की पळवाट उरत नाही. चूक त्याची असो वा माझी, उठून जायचे आहे ते मलाच.

पायऱ्या सोप्या दिसतात, पण प्रत्येक पायरीवर घसरायला जागा आहे. पहिली पायरी बिघडते ती तिच्या आधीच. जाण्यापूर्वी आपण दोनतीन जणांचा ‘सल्ला’ घेतो आणि त्यात सगळे प्रकरण तिखटमीठ लावून सांगून होते. मग एकटे जाणे नावापुरते राहते. समोरच्याला चार दिवस आधीच कुणकुण लागलेली असते आणि तो ढाल धरून बसतो. सल्ला खरोखर हवा असेल तर एकाच माणसाचा घ्यावा. तो तोंडाचा घट्ट असावा, शक्यतो दोघांच्या ओळखीबाहेरचा असावा, आणि त्याला नाव न सांगता विचारावे: ‘असं असं झालंय, मी त्यांच्याशी कसं बोलू?’ प्रश्न ‘कसं बोलू’ असा असेल तर तो सल्ला. ‘बघा ना कशी माणसं असतात’ असा सूर लागला की ती चहाडी.

एकटे जाणे म्हणजे मेसेज पाठवणेही नव्हे. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, चेहरा नसतो. वाचणारा आपल्या भीतीचा आवाज त्याला देतो. भेट ठरवण्यापुरता मेसेज चालेल, आणि त्यात ‘तुमच्याशी एका महत्त्वाच्या विषयावर बोलायचं आहे’ असे गूढ काही नको, कारण भेट होईपर्यंत त्या माणसाची झोप उडते. ‘परवाच्या मीटिंगमधल्या हिशोबाबद्दल माझ्या मनात एक गोष्ट आहे, अर्धा तास भेटू का?’ असे विषयासकट लिहावे. भेटल्यावर एकच प्रसंग घ्यावा. तुम्ही काय पाहिले किंवा ऐकले, त्याचा परिणाम काय झाला, आणि मग प्रश्न: ‘माझं काही चुकत असेल तर सांगा, तुमच्या बाजूने ते कसं होतं?’ ऐकून घेण्याआधी उत्तर देणे हा मूर्खपणा आणि लाज, असे नीतिसूत्रे १८:१३ म्हणते. ‘तुम्ही नेहमीच असं करता’ या वाक्यात सगळी भेट बुडते, कारण समोरचा ‘नेहमी’ खोडून काढायला एक उदाहरण शोधतो आणि त्याला ते मिळते.

दुसऱ्या पायरीवरची चूक अशी, की बरोबर न्यायच्या एकदोघांना आपण आपले पाठीराखे समजतो. येशूचे शब्द जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १९:१५ कडे बोट दाखवतात, जिथे दोघातिघांच्या साक्षीवाचून कोणालाही दोषी ठरवू नये असा नियम आहे. तो नियम आरोपीच्या संरक्षणाचा आहे. म्हणून न्यायची माणसे अशी हवीत की ती तुमचीही चूक तुम्हाला सांगतील. त्याच अध्यायात पुढे, खोटी साक्ष देणाऱ्याने भावाचे जे वाईट योजले होते तेच त्याच्या वाट्याला यावे, असे येते.

तिसरी पायरी, मंडळीला सांगणे, ही क्वचितच लागावी. तिचा उपयोग कोणाला हाकलण्यासाठी घाईघाईने करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की याच अध्यायात, या वचनांच्या आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे आणि नंतर सत्तर वेळा सातदा क्षमा करण्याचे उत्तर आहे.

आता एक अपवाद, आणि तो स्पष्टच सांगायला हवा. मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांचा छळ, पैशाची अफरातफर अशा ठिकाणी पीडिताला ‘आधी एकट्याने त्याच्याकडे जा’ असे सांगणे हा शास्त्राचा गैरवापर आहे. एकट्याने जाण्याची पायरी बरोबरीच्या भावांसाठी आहे. जिथे एकाच्या हातात दुसऱ्याचा जीव किंवा अब्रू आहे तिथे तिने अपायच होतो. तिथे पोलीस, डॉक्टर, वकील यांना सांगणे ही चहाडी नव्हे. ज्यांना स्वतःसाठी बोलता येत नाही त्यांच्यासाठी आपले मुख उघड, अशी नीतिसूत्रे ३१:८ ची आज्ञा आहे. ‘मंडळीची बदनामी होईल’ म्हणून गप्प बसवणारी जीभ, वरवर कितीही सौम्य असली तरी, विष पाजते. अशी प्रकरणे मंडळीत दाबली जातात तेव्हा ज्यांच्यासाठी ख्रिस्त मेला त्या लेकरांना आपण दुसऱ्यांदा मारत असतो, आणि यावर मला सौम्यपणे लिहिता येत नाही.

समोरासमोर गेल्यावर उत्तर कसे द्यायचे याचा सर्वांत चांगला धडा शास्ते या पुस्तकात आहे, कारण तिथे एकच तक्रार दोनदा येते आणि दोन वेगळी उत्तरे मिळवते. इस्राएलातल्या एफ्राईम वंशाचे लोक इस्राएलचा पुढारी गिदोन याच्याकडे येऊन चढ्या आवाजात भांडतात: मिद्यानाशी लढायला गेलास तेव्हा आम्हाला का बोलावले नाहीस? (शास्ते ८:१-३.) काही अध्यायांनंतर तेच लोक पुढचा एक पुढारी इफ्ताह याच्याकडे येतात: अम्मोनी लोकांशी लढायला गेलास तेव्हा आम्हाला का बोलावले नाहीस? (शास्ते १२:१-६.) फरक एवढाच की इफ्ताहाला ते घर जाळण्याचीही धमकी देतात.

गिदोनाच्या उत्तराचे तीन भाग पडतात. आधी एक प्रश्न: तुमच्या मानाने मी असे काय मोठे केले? मग त्यांच्या मानाची गोष्ट: एफ्राईमच्या द्राक्षमळ्यांत मागे राहिलेले वेचणे अबियेजेराच्या पूर्ण हंगामापेक्षा चांगले नाही का? अबियेजेर हे त्याचे स्वतःचे कूळ, म्हणजे त्याने लहान म्हटले ते स्वतःच्या घराण्याला. आणि शेवटी वस्तुस्थिती: मिद्यानाचे सरदार ओरेब आणि जेब यांना देवाने तुमच्याच हाती दिले. ही खुशामत नव्हती. ते सरदार खरोखर एफ्राईमनेच पकडले होते. गिदोनाने खऱ्यातले ते खरे निवडले ज्याने समोरच्याचा राग उतरेल. मृदू उत्तराने क्रोध शमतो, हे नीतिसूत्रे १५:१ इथे प्रत्यक्ष घडते.

इफ्ताहाचे उत्तरही खोटे आहे असे शास्त्र कुठे म्हणत नाही. माझे आणि माझ्या लोकांचे अम्मोन्यांशी मोठे भांडण होते, मी तुम्हाला बोलावले तेव्हा तुम्ही मला सोडवले नाही, मी जीव मुठीत धरून गेलो, परमेश्वराने त्यांना माझ्या हाती दिले, मग तुम्ही माझ्याशी लढायला का आलात? बाजू त्याची पक्की आहे, पण वाक्यावाक्यात ‘मी’ आहे आणि समोरच्याला मागे सरकायला जागाच ठेवलेली नाही. वर एफ्राईमचे लोक गिलादकरांना, म्हणजे इफ्ताहाच्या लोकांना, पळपुटे म्हणून हिणवतात. शब्दाने शब्द वाढतो, तलवारी निघतात, आणि एफ्राईमचे ४२,००० लोक मरतात. विशेष हे की याच इफ्ताहाने आधीच्या अध्यायात अम्मोनाच्या राजाकडे दोनदा दूत पाठवून, जुना इतिहास मांडून, सविस्तर बोलणी केली होती. परक्या राजासाठी होता तेवढा धीर आपल्या भावांसाठी उरला नाही. घरात आणि मंडळीत आपलेही हेच होते. बाहेरच्याशी जपून बोलणारा माणूस आपल्यांवर उचलली जीभ लावली टाळ्याला असे करतो.

गिदोनालाही फार वर चढवायला नको. त्याच आठव्या अध्यायात तो सुक्कोथच्या वडिलांना काट्यांनी झोडपतो आणि पनुएलच्या लोकांना ठार मारतो. एकदा मृदू बोलणारा माणूस पुढच्या वेळी तसा बोलेलच असे नाही. म्हणून स्तोत्र १४१:३ ची प्रार्थना रोजची हवी: हे परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव.

दुःखात असलेल्या माणसापाशी प्रश्न वेगळा असतो. तिथे बोलायचे की नाही हेच ठरवायचे असते. ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा त्यांनी सुरुवात अगदी बरोबर केली. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. मग बोलू लागले आणि सगळे घालवले. अलीफज म्हणाला, निर्दोष असून कोणाचा नाश झाला आहे, आठवून पाहा. बिल्दद तर ज्याची मुले नुकतीच मेली त्या बापाला म्हणाला की तुझ्या मुलांनी पाप केले असेल म्हणून देवाने त्यांना त्यांच्या अपराधाच्या हाती दिले. हे लोक देवाची बाजू घेत होते, आणि शेवटी देवानेच त्यांना सांगितले की माझ्याविषयी तुम्ही योग्य ते बोलला नाहीत.

आजही शोकाच्या घरी तीच वाक्ये नव्या कपड्यांत येतात. ‘देवाची इच्छा.’ ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.’ ‘विश्वास ठेवा, रडू नका.’ ‘निदान त्रास तरी संपला.’ यातले एखादे वाक्य दुःख भोगणाऱ्याने स्वतः म्हटले तर ती त्याची साक्ष असते. बाहेरच्याने म्हटले तर ते जखमेवर मीठ असते. मेलेल्या लाजराला उठवायचे हे ठाऊक असूनही येशू रडला. जाणाऱ्याने गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याची एखादी चांगली आठवण सांगावी, ‘मला काय बोलावं सुचत नाही, पण मी इथे आहे’ एवढे म्हणावे. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणण्यापेक्षा ‘उद्या सकाळी मुलांना शाळेत मी सोडतो’ म्हणावे, आणि सोडावे. वचन वाचायचे असेल तर विचारून, एकच आणि लहान.

चांगले बोलणे हेही शिकावे लागते. रोमकरांस पत्राचा १६ वा अध्याय नावांची यादी म्हणून आपण भरभर वाचतो, पण पौल तिथे कौतुक कसे करावे ते दाखवतो. फिबीने पुष्कळांना आणि मलाही साहाय्य केले. प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्या जिवासाठी आपली मान धोक्यात घातली. मरीयेने तुमच्यासाठी फार श्रम केले. माणसाचे नाव आणि त्याने केलेले काम, दोन्ही आहेत, आणि पत्र सगळ्यांसमोर वाचले जाणार आहे. ‘सगळ्यांनी छान काम केलं, देव आशीर्वाद देवो’ या वाक्याने कोणाचेच पोट भरत नाही. मुलांच्या बाबतीत उलट काळजी घ्यावी: दोष सांगताना कामापुरता सांगावा, ‘तू खोटं बोललास’ म्हणावे, ‘तू खोटारडाच आहेस’ म्हणू नये. पहिले सुधारता येते. दुसरे मूल आपली ओळख म्हणून घेऊन वाढते.

जिभेइतकीच जबाबदारी कानाची आहे. २ शमुवेलच्या १६ व्या अध्यायात दावीद राजा बंड केलेल्या आपल्या मुलापासून, अबशालोमापासून, पळत असताना मफीबोशेथाचा चाकर सीबा त्याला गाठतो. बरोबर खोगीर घातलेली दोन गाढवे, २०० भाकरी, मनुकांचे १०० घड, फळे, द्राक्षारस. आणि त्या भेटीबरोबर एक बातमी: तुमचा मफीबोशेथ यरुशलेमेत राहिला आहे, आता राज्य आपल्याला मिळेल म्हणून वाट पाहतो. मफीबोशेथ दोन्ही पायांनी लंगडा, दावीदाच्या जिवलग योनाथानाचा मुलगा. दावीद थकलेला, घाबरलेला, उपकाराखाली दबलेला; जागच्या जागी तो मफीबोशेथाची सगळी मालमत्ता सीबाला देऊन टाकतो. १९ व्या अध्यायात मफीबोशेथ समोर येतो तेव्हा राजा शहर सोडून गेला त्या दिवसापासून त्याने पायांची निगा राखलेली नसते, दाढी विंचरलेली नसते, कपडे धुतलेले नसतात. त्याच्या दुःखाचा पुरावा त्याच्या अंगावर असतो. तरी दावीद चूक पूर्ण निस्तरत नाही. दोघांनी जमीन वाटून घ्या, म्हणतो.

कोणी असे काही सांगू लागले की थांबवण्यासाठी मोठे भाषण लागत नाही. ‘हे तुम्ही त्यांना सांगितलंत का?’ हा प्रश्न बहुतेक वेळा पुरतो. पुढे ‘चला, आपण दोघं मिळून जाऊ’ म्हटले की खरी तक्रार असणारा तयार होतो आणि नुसते कान भरायला आलेला विषय बदलतो. ‘कोणाला सांगणार नसशील तर सांगतो’ या अटीला आधीच हो म्हणू नये. ऐकल्यावर ती गोष्ट कोणाच्या जिवावर बेतणारी निघाली तर शब्द मोडावा लागतो. सरपण संपले की आग विझते आणि चहाडखोर नसला की भांडण मिटते, असे नीतिसूत्रे २६:२० सांगते. ते सरपण न देणे ऐकणाऱ्याच्याही हातात असते.

आणि जे बोलून गेले त्याचे काय? देवापाशी कबुली ही सुरुवात झाली, पण लोकांत गेलेला शब्द तिने परत येत नाही. येशूला भेटल्यावर जकातदार जक्कयाने ज्याचे फसवून घेतले होते त्याला चौपट परत करण्याचे कबूल केले. नाव घालवणाऱ्यालाही परत करायचे असतेच. वर सांगितलेला कॅथलिक ग्रंथही बजावतो, की क्षमा मिळाली तरी नुकसान भरून देण्याचे बंधन सुटत नाही.

त्यासाठी आधी कागदावर नावे लिहावीत: हे मी कोणाकोणाला सांगितले? मग त्यातल्या प्रत्येकाकडे, ज्या मार्गाने सांगितले त्याच मार्गाने, जावे. ग्रुपवर लिहिले असेल तर ग्रुपवर, फोनवर सांगितले असेल तर फोनवर. बोलणे लहान असावे: ‘त्यांच्याविषयी मी तुम्हाला जे सांगितलं ते चूक होतं. माझी खात्री नव्हती तरी मी बोललो. कृपा करून ते धरून चालू नका, आणि पुढे कोणाला सांगितलं असेल तर त्यांनाही कळवा.’ गोष्ट खरी होती पण सांगायला नको होती, अशा वेळी ती खोटी होती असे म्हणू नये. ते नवे खोटे होईल. ‘ते सांगण्याचा मला अधिकार नव्हता, त्यांच्यात मी पाहिलेलं चांगलंही पुष्कळ आहे’ असे म्हणून ते चांगले नेमके सांगावे.

ज्याच्याविषयी बोललो त्याच्याकडे जाताना ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा’ हे वाक्य घरीच ठेवून जावे. त्यातल्या ‘असेल तर’मुळे सगळा दोष त्याच्या वाटण्यावर जातो. ‘मी असं असं म्हणालो, या या लोकांसमोर म्हणालो, ते चुकीचं होतं, मला क्षमा करा’ इतके पुरे. ‘पण’ने सुरू होणारे काहीही नंतर जोडू नये, उद्देश चांगला होता हेही सांगू नये. त्याला काही कळलेलेच नसेल आणि सांगण्याने फक्त नवी जखम होणार असेल, तर आधी ऐकणाऱ्यांकडची दुरुस्ती करावी आणि त्याला सांगायचे की नाही हे पाळकाशी किंवा एखाद्या जाणत्या माणसाशी बोलून ठरवावे.

तो लगेच क्षमा करेल अशी अपेक्षा धरू नये, आणि वचन दाखवून ती मागू तर नयेच. शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके, सर्वांशी शांतीने राहा, असे रोमकरांस १२:१८ सांगते. त्याच्याकडून किती होईल हे त्याच्यावर सोडावे. त्याने वेळ मागितला तर द्यावा. तोवर चौकशीला येणाऱ्यांना ‘चूक माझी होती’ एवढेच सांगावे, आणि त्याच्या रागाविषयी कोणापाशीही काही बोलू नये.